श्वास अडतो रात्री, गोळी मिळते रक्तवाढीची

२०२५ च्या सप्टेंबरात देशभर ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियान झालं. १७ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग, क्षयरोग अशी तपासणीची जाहीर यादी होती. यादी चांगलीच होती. आम्ही पालकसभेत उभं राहून मुलींच्या आयांना सांगितलं की घरची कामं अर्धा दिवस बाजूला ठेवा आणि जाऊन या. बऱ्याच जणी गेल्या. नंतर एकीला विचारलं, काय निघालं? म्हणाली, “काही नाही टीचर, रक्त कमी आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. बाकी थकवा तर राहणारच.”

ते “राहणारच” आमच्या डोक्यात बसलं. कारण त्या यादीत झोपेचं नाव कुठेच नव्हतं. रात्री घोरता का, झोपेत श्वास अडतो का, गुदमरून जाग येते का, असं कुणी विचारलं नाही. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येक माणसाचा जो फॉर्म घरोघरी जाऊन भरतात, त्यातही हे नाही. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर, खोकला, फिट, गाठ, सगळं आहे. झोप नाही. रक्तदाब का वाढतो याचं एक मोठं कारण रात्रीच्या अंधारात घडतं आणि आपली सगळी तपासणी दिवसाच्या उजेडात होते, असा हा प्रकार आहे.

आजाराचं नाव स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट पूर्ण किंवा अर्धी बंद होते. निदान दहा सेकंद श्वास अडला तर तो एक झटका मोजतात. रक्तातला ऑक्सिजन खाली जातो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, मोठा आवाज होऊन श्वास सुटतो आणि माणूस परत झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. तासाला पाच ते पंधरा झटके म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा कुणीतरी खांदा धरून हलवल्यासारखं, आणि तेही रात्रभर.

हे नाव महाराष्ट्रात घराघरात पोहोचलं ते १५ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री. मुंबईत बप्पी लाहिरी गेले आणि डॉक्टरांनी कारण सांगितलं, ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया. त्या आठवड्यात सगळ्या वाहिन्यांवर याचीच चर्चा होती. पण त्यातून लोकांच्या मनात एक चित्र पक्कं झालं. पेशंट म्हणजे पुरुष, वय झालेला, अंगानं भरलेला, मोठमोठ्याने घोरणारा. हे चित्र खोटं नाही, अर्धं आहे. उरलेल्या अर्ध्यात आपल्या अम्मी, खाला, भाबी आहेत.

आमच्या शाळेत एक ज्येष्ठ शिक्षिका आहेत. सगळे त्यांना आपा म्हणतात, इथेही तेच म्हणू. वय एक्कावन्न. तीनेक वर्षांपूर्वी आपा चौथ्या तासाला खुर्चीत पेंगायला लागल्या. वह्या तपासताना लाल पेनाची रेघ उत्तरावरून घसरत पानाच्या कडेपर्यंत जायची. पोरी हसायच्या. खरं सांगायचं तर स्टाफरूममध्ये आम्हीही हसलो. वरिष्ठांनी एकदा सगळ्यांसमोर बोलून दाखवलं, रात्री मोबाईल कमी बघत जा म्हणून. आपा काही बोलल्या नाहीत.

त्यांना मोबाईलचा शौक नाही. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू होत्या तरी वरचा आकडा खाली यायला तयार नव्हता. सकाळी उठल्या की डोकं जड. रात्री तीन-चारदा लघवीला उठायचं, म्हणून साखर तपासली तर ती बरोबर. एका डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी सांगितलं, पाळी जायचं वय आहे, होतं असं, टेन्शन घेऊ नका, आणि झोपेची गोळी लिहून दिली. ती घेतल्यावर सकाळ आणखी वाईट जायला लागली. शेवटी कुणी पकडलं? डॉक्टरांनी नाही. आपांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळासाठी रात्रभर जागीच. तिनं ऐकलं की अम्मीचे खर्राटे अचानक थांबतात, खोलीत सगळं शांत, ती मोजत बसते, आणि मग पाण्यातून वर आल्यासारखा एक मोठा श्वास. तिनं फोनवर पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं आणि सकाळी ते आपांना ऐकवलं. आपा आधी चिडल्या. “कुणाला ऐकवू नको,” हे त्यांचं पहिलं वाक्य होतं.

तपासणीत तासाला एकतीस झटके निघाले.

हे वाक्य, कुणाला ऐकवू नको, या आजाराच्या आकडेवारीइतकंच महत्त्वाचं आहे असं आम्हाला वाटतं. पुरुष घोरला तर घरात विनोद होतो. बाई घोरली तर तो तिच्या बाईपणावरचा डाग. लग्नाच्या मुलीचे खर्राटे आई मावशीलाही सांगत नाही. जॉइंट फॅमिलीत, एका खोलीत चौघी झोपणाऱ्या घरात, बाई स्वतःच कोपरा धरते, उशी तोंडावर घेते. मग डॉक्टरनं विचारलं तरी उत्तर येतं, नाही हो, मी कुठं घोरते.

आता आकडे. दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी भारतातले आधीचे अभ्यास एकत्र करून २०२३ मध्ये अंदाज मांडला की देशातल्या सुमारे ११ टक्के प्रौढांना हा आजार आहे. पुरुषांत १३ टक्के, बायकांत ५ टक्के. कामाच्या वयातल्या लोकांत मिळून १० कोटी ४० लाख माणसं. आपल्या दोन जिल्ह्यांचा हिशेब करून पाहू. २०११ च्या जनगणनेत सातारा ३० लाख, सांगली २८ लाख. त्यात प्रौढ बायका वीस लाखांच्या आसपास धरल्या, तर पाच टक्क्यांनी एक लाख होतात. हा आमचा वहीतला आडाखा आहे, सर्वेक्षण नव्हे. पण निम्मा धरला तरी पन्नास हजार. यातल्या किती जणींना माहीत असेल? तुमच्या गल्लीत अशी एक तरी बाई तुम्हाला माहीत आहे का?

शिवाय ते ‘पाच’ तरी पूर्ण आहे का, हाही प्रश्न आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये १९९३ साली मध्यमवयीन नोकरदारांना प्रयोगशाळेत झोपवून मोजलं, तेव्हा पुरुषांत २४ टक्के आणि बायकांत ९ टक्के जणांना श्वास अडण्याचा त्रास निघाला. म्हणजे अडीच पुरुषांमागे एक बाई. पण झोपेच्या दवाखान्यांत त्या काळी आठ-आठ पुरुषांमागे एक बाई दिसायची. मधल्या बायका कुठे गेल्या? १९९७ मध्ये त्याच मंडळींनी उत्तर दिलं: मध्यम ते तीव्र आजार असलेल्या बायकांपैकी ९३ टक्के जणींचं निदानच झालेलं नव्हतं. पुरुषांत हे प्रमाण ८२. हे अमेरिकेत, आणि तेही विमा असलेल्या नोकरदारांमध्ये.

एक कारण असं, की आजार शोधायच्या प्रश्नावल्याच पुरुष डोळ्यांसमोर ठेवून चालतात. ‘स्टॉप-बँग’ नावाची आठ प्रश्नांची यादी जगभर वापरतात. २००८ साली टोरांटोच्या डॉक्टरांनी ऑपरेशनपूर्वी भूल देताना धोका कळावा म्हणून ती बनवली. कामाची यादी आहे. पण तिच्यात पुरुष असण्याचा एक गुण आयता मिळतो आणि एक प्रश्न असा, की झोपेत तुमचा श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का? दुसरी ‘एपवर्थ’ची प्रश्नावली, १९९१ ची, ऑस्ट्रेलियातली. टीव्ही बघताना डुलकी लागते का, दुपारी आडवं झाल्यावर लागते का, गाडीत तासभर बसल्यावर लागते का, सिग्नलला गाडी थांबली तर लागते का.

आपल्या बाईला दुपारी आडवं व्हायला कोण देतं? पहाटे उठून डबे, मग मुलं, मग सासूची औषधं, मग शिलाई मशीन किंवा शाळा किंवा शेत. जी दिवसभर उभी आहे ती बसल्याजागी पेंगणार कशी? तिला कमी गुण पडतात आणि कागद म्हणतो, झोपेचा त्रास नाही. बायका “झोप येते” असं म्हणतच नाहीत. त्या म्हणतात थकवा आहे, जीव नाही अंगात, चिडचिड होते, रात्री झोप लागत नाही, सकाळी डोकं दुखतं, उदास वाटतं. परदेशातल्या अभ्यासांतही हेच आढळलं आहे. घोरण्याची तक्रार मागे राहते आणि थकवा, निद्रानाश, उदासी पुढे येते. मग निदान काय होतं? रक्त कमी, पाळीचं वय, टेन्शन, डिप्रेशन.

आणि तो “कुणी पाहिलंय का” वाला प्रश्न. आपल्या भागात हा प्रश्न फारच अवघड आहे. खानापूर-आटपाडीकडचा गलाईवाला सोनं-चांदी गाळायला देशभर कुठल्या कुठल्या शहरात. पाटण-जावळीकडचा माणूस माथाडी म्हणून मुंबईत. आपल्या कितीतरी घरांतला कर्ता सौदी, कुवेत, दुबईत. वर्षातून एकदा महिनाभर येतो. साक्षीदारच नाही. आणि असला तरी तो स्वतः घोरत पडलेला असतो. बायकोला नवऱ्याचे खर्राटे पाठ असतात, नवऱ्याला बायकोचे ठाऊक नसतात. म्हणून आमचं म्हणणं, घरातल्या मुलीला, सुनेला, बहिणीला साक्षीदार करा. हातात मोबाईल आहेच. पण बाईला विचारून, आणि ते रेकॉर्डिंग फॅमिली ग्रुपवर न टाकता फक्त डॉक्टरला ऐकवा.

रमजानची गंमत वेगळी. सहरीसाठी उठायचं, तरावीहनंतर उशिरा झोपायचं, त्यामुळे महिनाभर सगळेच पेंगलेले. त्यात ही बाई लपून जाते. ईद होऊन दोन-तीन आठवडे झाले, झोपेचे तास पूर्ववत झाले, तरी सकाळी उठताना रात्र गेलीच नाही असं वाटत असेल, तर ते रोज्याचं कारण नव्हे.

वयाचा आणि पाळीचा संबंध आहे, हे आपांच्या त्या डॉक्टरांचं खरंच होतं. फक्त त्यांनी तिथं थांबायला नको होतं. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक श्वासाला चालना देतं. पाळी गेली की ते कमी होतं, चरबी मानेकडे आणि पोटाकडे सरकते, आणि जो धोका तोवर पुरुषांत जास्त होता तो बायकांत वाढायला लागतो. गरोदरपणातही घोरणं नव्यानं सुरू होऊन रक्तदाब चढत असेल तर लक्ष द्यावं. पीसीओडी आणि थायरॉइड कमी असणाऱ्या बायकांत हा आजार जास्त आढळतो. आणि बारीक बाईला होत नाही असं नाही. आपल्याकडे जबड्याची ठेवण लहान असली तर कमी वजनातही घशाची वाट अरुंद राहते.

न ओळखलं तर काय होतं? रक्तदाब गोळ्यांना दाद देत नाही. हृदयाचे ठोके अनियमित होणं, पक्षाघात, साखर ताब्यात न येणं, या सगळ्यांशी त्याचा संबंध आहे. महामार्गावरून रोज स्कूटीनं वाडी-वस्तीवरच्या शाळेत जाणाऱ्या शिक्षिका आम्हाला माहीत आहेत. त्यांतली एखादी अशी अर्धी झोपलेली असेल तर, हा विचार करवत नाही.

गोळ्यांबद्दल गैरसमज नको. हिमोग्लोबिन खरंच कमी असेल तर लोहाच्या गोळ्या घ्यायलाच हव्यात, आपल्या बायकांत ते कमी असतंच. पण तीन महिने गोळ्या घेऊन रक्त वाढलं आणि थकवा तसाच राहिला, तर पुढचा प्रश्न झोपेचा असायला हवा. झोपेच्या गोळीचं मात्र सांभाळून. काही गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात, जाग यायची ती उशिरा येते आणि श्वास जास्त वेळ अडून राहतो. नियमित चालू असतील तर मनानं बंद करू नका, पण डॉक्टरला घोरण्याचं सांगितल्याशिवाय नवीन सुरूही करू नका. कुठलंही ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरला हे आधी सांगा.

आता कुठं जायचं. मिरजेत सव्वाशेहून अधिक वर्षं लांबून लांबून पेशंट येत आहेत. वानलेसांच्या काळापासून. तंतुवाद्यांचं आणि दवाखान्यांचं गाव. तिथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचं, कऱ्हाडला कृष्णा, साताऱ्यातही आता शासकीय महाविद्यालय आहे. छातीविकार किंवा कान-नाक-घसा विभागात केस पेपर काढा आणि स्पष्ट सांगा: झोपेत श्वास अडतो, स्लीप स्टडी करायची आहे. लाजू नका. दोन प्रकारे होते. एक रात्र दवाखान्यात झोपून, डोक्याला, छातीला, नाकाला, बोटाला तारा लावून. किंवा छोटं मशीन घरी आणून. घरची तपासणी स्वस्त आणि बायकांना सोयीची, नऊ माणसांच्या वॉर्डात झोपायला नको. पण एक गोष्ट डॉक्टरशी बोलून घ्या. बायकांमध्ये झटके बरेचदा स्वप्नांच्या झोपेत जमा होतात, बाकी रात्र बरी जाते, त्यामुळे सरासरी आकडा लहान येतो. आणि घरचं साधं मशीन मेंदूच्या तारा लावत नसल्यामुळे काही झटके त्याच्या हाती लागतही नाहीत. रिपोर्टवर ‘सौम्य’ किंवा ‘नॉर्मल’ आलं आणि त्रास मोठा आहे, तर तपासणी तिथं संपली असं समजू नका.

उपचारातलं मुख्य यंत्र सीपॅप. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी ही पद्धत जगापुढे मांडली. नाकावर मास्क, नळीतून हलक्या दाबाची हवा, त्या दाबानं घशाची वाट उघडी राहते. औषध नाही, ऑक्सिजन नाही, साधी हवा. सौम्य आजारात कुशीवर झोपणं, वजन उतरवणं, दातांच्या डॉक्टरकडून खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी, यांनीही भागतं. थायरॉइड असेल तर त्याची गोळी. टॉन्सिल किंवा नाकाचं हाड आड येत असेल तर काहींना ऑपरेशन. टिर्झेपटाइड या वजनाच्या इंजेक्शनचीही सध्या फार चर्चा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेनं लठ्ठ रुग्णांच्या मध्यम-तीव्र अ‍ॅप्नियासाठी त्याला मंजुरी दिली आणि मार्च २०२५ मध्ये ते मौंजारो नावानं भारतात आलं. महिन्याचा खर्च हजारोंत, आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनानं आणून टोचायची ही गोष्ट नव्हे.

खरी अडचण पैशाची. सीपॅप साधारण तीस-चाळीस हजारांपासून पुढे जातं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही मुळात दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी, घरी वर्षानुवर्षं वापरायच्या यंत्राला तिची चौकट लागू पडत नाही. केंद्र सरकारच्या नोकरदाराला आरोग्य योजनेतून या यंत्राचा परतावा मिळू शकतो. मग बिगारी काम करणाऱ्याच्या बायकोचा श्वास वेगळा आहे का? लोकप्रतिनिधींकडं मागायचंच असेल तर सभागृहं आणि कमानी मागण्याऐवजी हे मागा. जिल्हा रुग्णालयात झोपेची मोफत तपासणी, गरजूंना यंत्र भाड्यानं. जमातींनी आणि ट्रस्टनी ठरवलं तर पाच-दहा यंत्रांची उसनवारीची पेढी काढणं अशक्य नाही. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आपण कोरोनात असेच फिरवले होते, आणि धर्म न विचारता फिरवले होते. आणि आशाताईंच्या फॉर्मात एक ओळ वाढवायला तर पैसाही लागत नाही.

आपांनी यंत्र भिशी लागली तेव्हा घेतलं. पहिले पंधरा दिवस हाल झाले. मास्क मोठा होता, हवा डोळ्यांत जायची. दुकानदारानं एकच माप दाखवलं होतं, बायकांच्या चेहऱ्याला बसणारे लहान मास्क मिळतात हे नंतर कळलं. नात मास्कला घाबरून रडायची. एका रात्री लाइट गेली आणि सगळी मेहनत वाया, मग इन्व्हर्टरची एक वायर खास त्या खोलीत ओढून घेतली. मास्क रोज धुवायचा, पाण्याच्या डब्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं, नळाचं नाही, हेही हळूहळू अंगवळणी पडलं. तिसऱ्या महिन्यात रक्तदाबाची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली. पूर्ण सुटली नाही. वजनही फारसं उतरलेलं नाही. पण वह्यांवरची लाल रेघ आता सरळ असते.

परवा त्यांनी स्वतःहून मुलींच्या आयांसमोर विषय काढला. आधी दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. मग मागच्या रांगेतली एक उठून जवळ आली आणि हळूच म्हणाली, “आपा, ते रेकॉर्डिंग कसं करायचं, दाखवाल का?”